ओव्हाळबाईंचा खुलासा

भीमराव ओव्हाळ गेले तेव्हा त्यांच्या मागे बायको जया, नर्सिंग शिकणारी मुलगी चैताली आणि शनिवार पेठेतली थालिपिठाची गाडी राहिली. गाडीचं फेरीवाला प्रमाणपत्र भीमरावांच्या नावावर होतं. आता जागा गेलीच, असं धरून जयाबाई बिबवेवाडीला घरी बसून होत्या. रोज गाडीवर नाश्ता करणारी नम्रता, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी, विचारत विचारत घरी आली.

"काकू, कायद्यात आहे. नवरा वारला तर त्याच्या जागी बायकोला बसता येतं. आम्हाला अभ्यासालाच आहे तो कायदा."

त्यानंतर महापालिकेच्या ऑफिसात सात खेपा झाल्या आणि प्रमाणपत्रावर जयाबाईंचं नाव आणि फोटो आला.

शेजारी चंद्रभागा माने चहा विकायच्या. वयाने दहा वर्षांनी मोठ्या, बार्शीकडच्या. बारा वर्षं गाडीशेजारच्या झाडाखाली होत्या, पण त्यांच्याकडे कागद नव्हता. फेरीवाल्यांची मोजणी करायला माणसं आली, तो आठवडा त्या भावाच्या दिवसांना गावी होत्या. परत येऊन चौकशी केली तर उत्तर मिळालं, "पुढच्या सर्वेक्षणात बघू." पुढचं कधी, ते कुणी सांगितलं नाही. अतिक्रमणाची गाडी दिसली की त्या स्टोव्ह आणि किटली उचलून जयाबाईंच्या गाडीमागे दडवायच्या. गाडी गेली की पुन्हा मांडायच्या.

"मी हाय बी आन् न्हाई बी," असं म्हणायच्या.

दोन वर्षांनी जयाबाईंचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. दीड महिना काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. चैतालीची परीक्षा तोंडावर होती. गाडी इतके दिवस बंद राहिली तर त्या जागी दुसरं कुणी येऊन उभं राहील, ही धास्ती वेगळीच. त्यांनी चंद्रभागाबाईंना घरी बोलावलं.

"मावशी, तुम्ही बसा गाडीवर. भाजणी मी पाठवते."

गाडी स्वतः चालवायची किंवा घरच्या माणसाने, हा नियम जयाबाईंना ठाऊक होता. पण चंद्रभागाबाई घरच्या नाहीत, हे त्या वेळी त्यांच्या मनात आलंच नाही.

तीन आठवडे सुरळीत गेले. चौथ्या आठवड्यात जयाबाईंना घरी करमेना, म्हणून रिक्षाने त्या पेठेत आल्या आणि स्टुलावर टेकल्या. त्याच सकाळी तपासणी आली. साहेबांनी प्रमाणपत्रावरचा फोटो बघितला, मग तव्यापाशी उभ्या असलेल्या चंद्रभागाबाईंकडे बघितलं.

"या कोण?"

"माझी थोरली जाऊ," जयाबाई म्हणाल्या.

"आधार कार्ड दाखवा." कार्ड हातात घेऊन त्यांनी ते सावकाश वाचलं. "माने. तुम्ही ओव्हाळ. सख्ख्या जावा दिसता. बाई, गाडी दुसऱ्याला चालवायला दिली की प्रमाणपत्र रद्द होतं, हे सांगितलं होतं ना तुम्हाला?"

 तेवढ्यात चंद्रभागाबाई बोलल्या.

"त्यांनी न्हाई दिली. त्या आजारी, गाडी बंद दिसली, म्हणून मीच वढून बसले. त्यास्नी आज कळलं. म्हणून तर आल्यात भांडायला."

साहेबांनी जयाबाईंकडे बघितलं. "खरं का हे?"

जयाबाई गप्प राहिल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. पुढे त्या चैतालीला म्हणाल्या, टाक्यांपेक्षा ते गप्प बसणं जास्त दुखलं.

चंद्रभागाबाईंचा झाडाखालचा स्टोव्ह, किटली, कप, परात महापालिकेच्या टेम्पोत चढायला लागली, तेव्हा मात्र जयाबाई उठल्या.

"यादी करा. सामान नेलं की यादी द्यायची, सही करून. कायद्यात आहे."

"कायदा पाठ दिसतोय," साहेब म्हणाले. पण त्यांनी वही काढली आणि एकेक वस्तू लिहून वर नाव घातलं, चंद्रभागा माने, चहा विक्रेता, शनिवार पेठ. एक प्रत चंद्रभागाबाईंच्या हातात दिली.

आठ दिवसांनी जयाबाईंना नोटीस आली, लेखी खुलासा करा. चैताली म्हणाली, "आई, मावशी बोलल्या तेच लिही. तुला माहीत नव्हतं म्हण. प्रश्न मिटला."

"म्हणजे मावशींनी गाडी चोरली असं लिहू?"

"त्या स्वतःच तसं म्हणाल्या ना?"

जयाबाईंनी दोन दिवस कागदाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं, 'माझे ऑपरेशन झाले होते. श्रीमती माने यांना मीच बसविले. त्या चौदा वर्षे त्या जागी चहा विकतात. त्यांचा दोष नाही.' सोबत दवाखान्याचे कागद जोडले.

सुनावणी पाच मिनिटांत झाली. प्रमाणपत्र रद्द झालं नाही, तीन महिन्यांसाठी स्थगित झालं. चंद्रभागाबाईंबद्दल निकालात एक शब्दही नव्हता. सोडवून आणलेल्या स्टोव्हचा बर्नर वाकला होता, आणि झाडाखाली आता त्यांना कुणी टिकू देईना. त्या कात्रजला एका मेसमध्ये पोळ्या लाटायला लागल्या.

जयाबाई त्यांना भेटायला गेल्या. खुलाशात काय लिहिलं ते सांगितलं. चंद्रभागाबाईंचं लाटणं थांबलं.

"मी भर रस्त्यात सोताला चोर म्हणवून घेतलं. कशापायी? तुझा कागद ऱ्हावा म्हणून. आन् तू ते पाण्यात घातलंस."

"मला खोटं लिहवेना, मावशी."

"मला बरं खोटं बोलवलं. माझं काय, माझ्याकडं जायाला काय हुतं?"

 जयाबाई म्हणाल्या, "ती जप्तीची यादी नीट ठेवा. त्यावर तुमचं नाव आहे, जागा आहे. नम्रता म्हणते, पुढच्या सर्वेक्षणात पुरावा म्हणून दाखवता येईल."

"चालंल का?"

"नक्की नाही सांगत कुणी."

चंद्रभागाबाईंनी पुढचा गोळा घेतला आणि लाटायला लागल्या. जयाबाई निघाल्या तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

तीन महिन्यांनी गाडी पुन्हा लागली. अर्धं गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं होतं. झाडाखाली क्लासच्या मुलांच्या स्कूटर लागतात. चहा कुठे मिळेल असं कुणी विचारलं की जयाबाई नुसता कोपऱ्यावरच्या हॉटेलाकडे हात करतात. दर सोमवारी गाडी लवकर आवरून त्या ऑफिसात जातात आणि नवीन सर्वेक्षण कधी ते विचारतात. तिथला कारकून आता त्यांना दारात बघूनच नकारार्थी मान हलवतो.

तरी त्या आत जातात आणि प्रश्न पूर्ण विचारतात.