बैलांना चारलेलं मीठ

आमच्या डोंगरात खाऱ्या पाण्याची विहीर आहे आणि तिचा आम्हाला भारी तोरा. आमचा कोबी मुरायचा तो त्याच पाण्यात आणि मक्याच्या पिठाचा घट्ट मामालिगा शिजायचा तोही त्याच पाण्यात. विकतचं मीठ म्हणजे बिचाऱ्या खालच्या गावांचं, असं आम्ही मानायचो. हे पाणी पिंपात भरून गावोगाव पोचवायचं काम झांफिराचं. पोटात चार महिन्यांचं बाळ असताना तिचा नवरा जंगलात ओंडक्याखाली सापडून गेला. पंधराव्या दिवशी ही बैलगाडीवर चढली.

झांफिराच्या गळ्याला गलगंड होता, तिच्या आईलाही होता. त्याला आमच्याकडे कुणी आजार म्हणत नसे. मण्यांच्या माळेत चार मणी वाढवले की झालं.

दर महिन्याला अग्लाया नर्स खालून चालत यायची आणि मिठाची पुडी द्यायची. "यात आयोडीन आहे, तुमच्या विहिरीच्या पाण्यात ते नाही. पोटातल्या बाळाचा मेंदू त्यावर घडतो. रोज खा. पुढं तुझ्या दुधातून आणि जेवायला लागलं की जेवणातून, पोराला ते मिळायलाच हवं."

"सिस्टर, विहिरीच्या दारात राहून मी पुडीतलं मीठ खाऊ? लोक हसतील. आणि त्यानं कोबी लिबलिबीत होतो."

"कोबी होऊ दे लिबलिबीत. पोर व्हायला नको."

झांफिरानं मान डोलावली. पण मीठ टाकून देणं पाप, आणि चढाच्या आधी बैलांना तर मीठ लागतंच. तिनं पुडी दावणीत रिकामी केली. तीन वर्षं प्रत्येक पुडी झोयान आणि प्लवान या तिच्या बैलांच्या पोटात गेली. बैल खाल्ल्या मिठाला जागले, पिंपं ओढून कधी दमले नाहीत. अग्लायानं विचारलं की झांफिरा सांगायची, "संपलं, सिस्टर. चांगलं आहे तुमचं मीठ."

इलिंका जन्मली ती गप्प. भुकेनंसुद्धा रडेना. बायका म्हणाल्या, "नशीब काढलंस गं. बाप नाही हे कळतंय पोरीला, आईला छळत नाही." झांफिरालाही ते खरं वाटलं. पोर वर्षाची झाली तरी बसेना आणि तीन वर्षांची झाली तरी एक शब्द फुटेना. मग झांफिरानं तिला पाठीशी बांधून तीन मठ पालथे घातले, मेणबत्त्या लावल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

शेवटी अग्लायानं हट्टानं दोघींना शहरातल्या इस्पितळात पाठवलं. डॉक्टरनं पोरीच्या गळ्यावर बोटं फिरवली, मग आईच्या.

"पुड्या मिळत होत्या ना? खाल्ल्यात?"

झांफिरानं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "आता देते, डॉक्टरसाहेब. चौपट देते. दोन्ही वेळा देते."

"औषधानं ती चालेल, थोडी वाढेलही. पण मेंदू घडायची वेळ होती ती गेली, बाई. ती पुन्हा येत नाही."

बाहेर कुंपणाला गाडी उभी होती. झोयाननं सवयीनं मीठ शोधत तिच्या तळहातात तोंड खुपसलं. जनावराचा काय दोष? दोष कुणाचा हे तिला नीट ठाऊक होतं. त्याच्या मानेवर डोकं टेकून ती रडली, आणि खांद्यावरची इलिंका बैलाच्या शिंगाशी खेळत राहिली.

आता इलिंका सव्वीस वर्षांची आहे. चालते, कोंबड्यांना दाणे टाकते, वीसेक शब्द बोलते. गाडी अजून चालू आहे, बैल दुसरे आहेत. कोबीला विहिरीचं पाणी, माणसाला पुडीतलं मीठ, असा झांफिराचा नेम आहे. पिंपाशेजारी पुड्या असतात, आणि ज्या घरी पोटुशी बाई असेल त्या घरापुढं गाडी थांबतेच.

बाया तेच म्हणतात. "मावशी, आपली विहीर असताना हे कशाला?"

झांफिरा वाद घालत नाही. मागं वळून म्हणते, "इलिंका, उतर गं बाळा."

इलिंका हळूहळू उतरते आणि हसत आईशेजारी उभी राहते. बाई बघते, आणि पुडी घेते. स्वतःच्या पोरीला असं उभं करताना झांफिराला मेल्याहून मेल्यासारखं होतं. म्हणून घरून निघताना ती इलिंकाची वेणी घालते आणि लाल फुलांचा चांगला रुमाल तिच्या डोक्याला बांधते.

बायका आपला रुमालच बघताहेत असं इलिंकाला वाटतं. मागचीही फुलं दिसावीत म्हणून ती सावकाश एकदा गोल फिरते.