सही केलीत का कुठे?

वकिलाच्या ऑफिसात फायली दोरीनं बांधून कपाटात कोंबता येतात. किस्से मात्र टायपिस्टच्या डोक्यात साचत जातात. बारा वर्षं मी विरार स्टेशनजवळच्या एका वकीलबाईंकडे टायपिंग केलं. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. नवऱ्याच्या कर्जाला घाबरलेल्या बायका त्यांच्याकडे यायच्या, आणि मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला. "सही केलीत का कुठे?"

तो प्रश्न ऐकला की मला आमचंच घर आठवायचं! आमचा बोळिंजचा फ्लॅट माझ्या नावावर, माहेरच्या पैशांतून घेतलेला. आणि आमच्या ह्यांनी कंपनीतून व्हीआरएस घेऊन एका पार्टनरबरोबर टेम्पोचा धंदा काढलेला. मी जात्याच भित्री. एकदा मॅडमना विचारलं, "ह्यांचा धंदा बुडाला तर माझं घर जाईल का हो?"

"घर तुझ्या नावावर आहे ना? मग ते घालवू शकेल असं एकच माणूस आहे."

"आमचे हे?"

"तू!"

त्या दिवशी मला डबा गेला नाही.

* * *

एक शाळेतल्या बाई आल्या. नवरा कर्ज करून गावी पळालेला, आणि वसुलीची माणसं रोज दार बडवायची. घरात कुणी नाही असं वाटावं म्हणून बाईंनी तीन महिने कुकर लावला नव्हता. शिट्टी बाहेर ऐकू जाते ना!

"सही केलीत का कुठे?"

"नाही हो. मला त्यांनी सांगितलंसुद्धा नव्हतं."

"मग ते कर्ज त्यांचं. जा, घरी जाऊन कुकर लावा."

बाई तिथेच रडायला लागल्या. मला हसू आलं. पण संध्याकाळी घरी कुकरची शिट्टी झाली आणि मीच दचकले.

* * *

दुसरी एक बाई हट्टालाच पेटली. "मॅडम, पेपरात जाहीर नोटीस द्या. नवऱ्याच्या व्यवहारांशी माझा काही संबंध नाही म्हणून!"

सहीच नाही तर नोटीस कशाला, असं मॅडमनी परोपरीनं सांगितलं. ऐकेना. शेवटी मी नोटीस टाइप केली. बाईंच्या सांगण्यावरून नाव, बिल्डिंग, मजला, सगळं व्यवस्थित घातलं.

आठवड्यानं बाई परत हजर. "मॅडम, आधी चौघं यायचे. आता सात येतात. त्या तिघांना पत्ताच माहीत नव्हता!"

* * *

राजोडीची एक मासळीवाली आली. नवऱ्यानं होडीच्या इंजिनासाठी कर्ज काढलेलं आणि हप्ते थकलेले.

"सही केलीत का कुठे?"

"नाय बाय. सही कशाला करू?"

"नक्की?"

"देवाशपथ! मला लिवता येतं कुठं? अंगठा दिला."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अंगठा म्हणजे सहीच, हे त्यांनी तिला हळूहळू समजावलं. ती बराच वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "जरा पानी द्या."

* * *

पण मला सगळ्यात जास्त भीती घातली ती नंदाखाल गावच्या फिलोमिनाबाईंनी. नवऱ्याच्या कर्जावर साक्षीदार म्हणून सही केली असं समजत होत्या आणि निघाल्या जामीनदार! केळीची वाडी त्यांच्या स्वतःच्या नावाची, तिच्यावर नोटीस आलेली.

"न वाचता कशी केलीत सही?" मॅडम चिडल्याच.

"त्यांनी बोट ठेवलं तिथं केली. चर्चमध्ये लग्नाच्या रजिस्टरातपण त्यांनीच बोट ठेवलेलं."

त्या गेल्यावर मॅडम माझ्याकडे वळल्या. "लक्षात ठेव. नवऱ्यानं कागद आणला तर तो त्याच्याकडूनच मोठ्यानं वाचून घ्यायचा. अडखळला, की पेन खाली ठेवायचं."

* * *

आणि मग एका रविवारी सकाळी आमचे हे सहा पानांचा कागद घेऊन स्वयंपाकघरात आले. "अगं, पार्टनरशिपची फॉर्मॅलिटी आहे. इथे सही कर." आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

ते बोट बघून मला फिलोमिनाबाई आठवल्या.

"चष्मा सापडत नाहीये," मी म्हटलं. चष्मा पदराखाली मुठीत होता. "तुम्हीच वाचून दाखवा ना."

हे खुर्ची ओढून बसले आणि वाचायला लागले. टेम्पोचा नंबर, पार्टनरचं नाव, नफ्यातला वाटा. आवाज खणखणीत, कुठेही अडखळले नाहीत. मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. वीस वर्षांचा संसार, आणि मी ह्यांची परीक्षा घेतेय!

पण पानांना नंबर घालण्यातच माझी बारा वर्षं गेली होती. तिसऱ्या पानानंतर ह्यांनी दोन पानं एकदम उलटली.

"अहो, चार नंबरचं पान?"

ह्यांनी मान वर केली नाही. "त्यात काय वाचायचंय? नुसता आपल्या फ्लॅटचा पत्ता आहे."