तीन कार्गो आणि आईची बादली

मागच्या महिन्यात आमच्या घरात पँटींवरून महाभारत झालं. तेव्हा डोकं इतकं तापलं होतं की लिहायची सोय नव्हती...

आयुष्यातली पहिली बॅकपॅकिंग ट्रिप, आठ दिवस हिमाचल, बजेट जेमतेम. उदगीरच्या बाजारात ट्रेकिंगची पँट मागितली, तर दुकानदार म्हणाला, लातूरला बघा, उदगीर जिल्हा झाला की इथंच मिळेल. म्हणजे माझ्या नातवाला! शेवटी जाड कॉटनच्या तीन कार्गो घेतल्या. स्वस्त, मजबूत, सहा-सहा खिसे... मी खूश.

घरी आलो तर आईनं एक कार्गो उचलली आणि सरळ बादलीत बुडवली. नळाला वीस दिवसांनी पाणी येतंय तेव्हापासून तिची ही पद्धत आहे... घरात आलेला नवा कपडा किती पाणी पितो ते आधी बघायचं. त्या पँटीनं जवळजवळ अख्खी बादली पिली.

वैतागून म्हणालो, अगं, तिथं दारात नदी आहे!

"नदी तिथं हाय. परत तर हितंच यायचंय न्हवं?"

पँटी परत द्यायला गेलो, तर दुकानदार घेईना. त्यात ती भिजलेली, उदगीरच्या मे महिन्यातल्या उन्हातही संध्याकाळपर्यंत खिशांत ओलीच. मग आईनं माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या ऑफिसच्या जुन्या टेरिकॉटच्या दोन पँटी काढल्या आणि टेलरकडून माझ्या मापाच्या करून आणल्या. रंग चॉकलेटी, वर इस्त्रीची घडी. सगळ्या फोटोंत मी तहसीलमधला क्लार्क दिसतोय...

ट्रिपच्या तिसऱ्या दिवशी ओढ्यात पडलो, मला बाहेर काढताना सोबतचे मित्रही भिजले. माझी पँट तासाभरात वाळली, मित्रांच्या जीन्स दोन दिवस ओल्याच होत्या. हे आईला फोनवर सांगितलं नाही. उगाच कशाला?

पण निघायच्या आदल्या दिवशी होमस्टेच्या नळावर बसून सगळे कपडे धुतले. पार मोज्यांपर्यंत.

घरी आईनं बॅग उघडली, एकेक कपडा पाहिला. धुवायला काहीच न्हाई का, असं दोनदा विचारलं. माझ्या कपड्यांसाठी तिनं दोन बादल्या पाणी राखून ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

त्या पाण्यानं ती डोक्यावरून न्हाली. किती दिवसांनी, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. केस मोकळे सोडून अंगणात बसली होती, आणि मला स्वतःचीच लाज वाटली... आई, थँक्यू गं.