सात बोटं

पुसदच्या दवाखान्यात ती रोज आयसीयूच्या काचेबाहेर बसायची. आत तिची आई होती, शेजारच्या खाटेवर माझी बायको. लाइट जाऊन आली की ती बोटांवर मोजायला लागायची. त्या बोटांची मला धास्तीच बसली.

"काय मोजून राह्यली, पोरी?"

"चिपचं डिझाइन हेच माहं काम हाये, काका. बनल्यावरही बदलता येते अशी चिप, आतल्या मॉनिटरमंदीबी तेच हाये. पण मॉनिटरची बॅटरी खराब असली अन् लाइट गेली, का ते सारं विसरते. आपलं डिझाइन मेमरीतून पुन्हा वाचून घ्याले तिले सात सेकंद लागते, मंगच स्क्रीनवर रेघ येते."

त्या दुपारी लाइट जाऊन आली. तिनं डोळे मिटून मोजलं. सातव्या बोटाला माझ्या बायकोच्या स्क्रीनवर हिरवी रेघ धावली. शेजारची स्क्रीन काळीच होती.

तिचं बोट नवावर थांबलं. डोळे न उघडता ती म्हणाली, "मायची रेघ आली का, काका? तुमीच पाहा."