मधलं रबर

सुभेदारांचा चेहरा आठवायचा तर मला थोडा वेळ लागतो. त्यांचे पाय मात्र लगेच दिसतात. गाडीखालून बाहेर आलेले, टाचांना भेगा पडलेले, एकावर एक निवांत टाकलेले. आणि दिसतो तो उजवा हात. गाडीखालून हात बाहेर यायचा, पंजा उघडा, आणि त्यात आपण पाना ठेवायचा. कुठल्या मापाचा, हे ते सांगायचे नाहीत. चुकीचा दिला की तो मुकाट्याने परत यायचा. पुढे पुढे मला आपोआप कळू लागलं. एक दिवस असा आला की एकही पाना परत आला नाही, तेव्हा गाडीखालून आवाज आला, "धाकलं शेठ, आता तुला पोरगी द्यायला हरकत न्हाई."

तसे ते सुभेदार नव्हतेच. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करता करता हवालदार म्हणून निवृत्त झालेले पारनेरकडचे गृहस्थ. पुढची बढती त्यांना सरकारने नाही, नगरच्या लोकांनी दिली. मिशाच तशा होत्या. वडिलांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि दुकानामागे पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये सुभेदारांनी संसार मांडावा तसं गॅरेज मांडलं होतं. मी आईविना वाढलेला एकुलता एक. गल्ल्यावर बसवलं की माझा जीव गुदमरायचा आणि मी मागच्या दाराने शेडमध्ये सटकायचो. वडील हाका मारायचे, सुभेदार गाडीखालून ओरडायचे, "हितं न्हाई तो!" माझ्यासाठी खोटं बोलणारा पहिला माणूस म्हणून मला त्यांचं कोण कौतुक!

त्यांचं एक ठाम मत होतं. "मानूस खोटं बोलतं, गाडी न्हाई बोलत." गाडी आली की ते मालकाला गप्प बसवायचे, मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचे आणि मला गावातून एक चक्कर मारायला लावायचे. परत येईपर्यंत दुखणं कुठे आहे ते त्यांना कळलेलं असे. मालक काही सांगू लागला, तर म्हणायचे, "तुमी ऱ्हाऊ द्या. तिनं सांगितलंय."

एकाहत्तर-बाहत्तरचा सुमार असेल. वडिलांनी एका लिलावात इतर भंगाराबरोबर एक बुटकी, दोन सीटांची विलायती मोटार उचलली होती. भंगारात जायची ती आम्ही दोघांनी उभी केली. इंजिन गुणी निघालं, पण मागून गाडी दगा द्यायची. मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल म्हणतात तो, इतर गाड्यांत तो आसाबरोबरच असतो. हिच्यात तो चासीला वेगळा टांगलेला, दोन रबरी फौंडेशनवर, म्हणजे रबराच्या बैठकींवर. ती रबरं म्हातारी झाली होती. चढावर जोर केला की गोळा मान वळवल्यासारखा फिरायचा, मागे 'धप्प' व्हायचं आणि चाक जागीच उड्या मारायचं. कंपनीचा माल विलायतेहून यायची सोय नव्हती. म्हणजे आपलं आपणच निवडायचं.

रबर निवडताना मी सुभेदारांना जितकं गंभीर पाहिलं, तितके ते स्वतःच्या मुलीसाठी स्थळ पाहतानाही नव्हते. आमच्या दुकानातलं मुंबईचं डुप्लिकेट फौंडेशन त्यांनी नखाने दाबलं आणि परत दिलं. "हे पाव हाय. चहात बुडवून खा." ट्रकच्या टायरचा तुकडा कापला, तो दगडासारखा. तो लावून पाहिला तर माझ्या दाढा वाजायला लागल्या आणि आरसा गळून पडला. लष्करी गाडीचं एक जुनं रबर त्यांनी उकळत्या पाण्यात टाकलं, वास घेतला, फरशीवर आपटून किती उसळतं ते पाहिलं. ते दोन दिवस टिकलं. शेवटी कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यातून, उसाची मोळी वाहून नेणाऱ्या पट्ट्याचा टाकाऊ तुकडा मिळाला. आत कापडाचे थर, बाहेर रबर. त्यांनी त्याला चक्क दात लावला. मग मिशीवर हात फिरवून म्हणाले, "हे मार खाईल, पर जागा सोडायचं न्हाई."

मग त्यांनी मला एक वाक्य सांगितलं. "हे बघ, जिथं लोखंडाला लोखंड भेटतं तिथं मधी कुनीतरी मार खानारं लागतं. लई मऊ असलं तर काम न्हाई होत, लई कडक असलं तर दोनी बाजू फुटत्यात." मला वाटलं, ते रबराबद्दलच बोलताहेत.

ते रबर बसवल्यावर गाडी पार बदलली. आत बसलं की सगळा सांगाडा गुरगुरायचा, पण पाय दाबला की मागची चाकं रस्ता धरायची. मला स्वर्ग दोन बोटं उरला. कारण तेव्हाच पुण्याचे एक शौकीन मोटारमालक मद्रासच्या शर्यतीसाठी ड्रायव्हर शोधत होते. दसऱ्याच्या दुपारी इमामपूरच्या घाटात मी आणि कोपरगावच्या एका बागायतदाराचा मुलगा, दोघांनी आपापल्या गाड्या चढवायच्या. जो आधी वर पोचेल तो मद्रासला जाणार. वडिलांना हे कळलं त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले. मला फिकीर नव्हती. गल्ल्यावरून सुटायची एवढीच एक वाट मला दिसत होती, आणि त्या वाटेवर सुभेदार माझ्याबरोबर होते.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. सगळे पाने, हातोडे, जॅक रॉकेलने पुसून पाटावर मांडायचे, हळदी-कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. दुसऱ्या दिवशी सोनं लुटून येईपर्यंत ते देव. सुभेदार याबाबत भलतेच कडक. एका साली खंडेनवमीला दारात कलेक्टर कचेरीची जीप बंद पडली, तर साहेबाला सरळ म्हणाले, "आज आमची हत्यारं निजल्यात." त्या सकाळी पूजा मी केली. एकेका पान्याला आधी हळद, मग कुंकू. दुपारी वडिलांनी बऱ्याच दिवसांनी तोंड उघडलं, ते मला भिंगारला मावशीकडे फराळ पोचवायला सांगण्यासाठी. त्यांचा राग निवळला असं समजून मी आनंदाने गेलो.

दसऱ्याला घाटाच्या पायथ्यापर्यंत गाडी सुभेदारच घेऊन गेले. "लढाईच्या आधी स्वारानं घोडा दमवायचा नसतो," म्हणाले. मी पुण्याहून आलेल्या त्या मोटारमालकांबरोबर मागून पोचलो. गाडीत बसलो, इंजिन चालू केलं, आणि गाडी मला मऊ वाटली. ती गुरगुर नव्हती. धास्तीने कान बसले असतील असं मी मनाला समजावलं. सुभेदारांनी टपावर थाप मारली, पण खिडकीतून आत पाहिलं नाही.

दुसऱ्या वळणावर मी पाय दाबला आणि मागे 'धप्प' झालं. तिसऱ्या वळणावर पुन्हा. चाक उड्या मारू लागलं, कोपरगावची गाडी बाजूने निघून गेली आणि मी वर पोचलो तेव्हा पुण्याचे पाहुणे तिच्या ड्रायव्हरच्या पाठीवर हात ठेवून बोलत होते.

संध्याकाळी शेडमध्ये गेलो. गाडीखाली वाकून पाहिलं, तर गोळ्याला जुनीच रबरं. माझा विश्वास बसेना. कोपरगाववाल्यांनी कुणाला तरी फितवलं असेल, असंच आधी मनात आलं. मग पाटाकडे नजर गेली. सगळी हत्यारं झेंडूखाली तशीच होती. फक्त नऊ-सोळाच्या, म्हणजे नऊ सोळांश इंची पान्यावर हळद नव्हती. नुसतं कुंकू, तेही ग्रीसवर टेकवलेलं. फौंडेशनचे बोल्ट त्याच मापाचे. चोराने पाना वापरून फेकून दिला असता. वापरल्यावर त्याला पुन्हा कुंकू लावणारा माणूस सगळ्या नगरात एकच होता.

तेवढ्यात ते आलेच, हातात आपट्याची पानं घेऊन. "घे, सोनं घे."

मी पाना पुढे केला. त्यांनी तो पाहिला आणि पानांचा हात खाली घेतला.

"मोठं शेठ आल्ते परवा," ते म्हणाले. "काय बोलले न्हाईत. माज्यासमोर टोपी काढली त्यांनी. इतकी वर्सं त्यांच्या पत्र्याखाली हाय मी, त्यांचं उघडं डोस्कं कधी बघितलं नव्हतं."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू गेला नसतास व्हय?"

"गेलो असतो."

"मग?"

"मग मी जुन्या रबरांवर गेलो असतो, सुभेदार. पण मला ठाऊक असतं. तुम्ही माझ्या गाडीला माझ्याशी खोटं बोलायला लावलंत."

आपट्याची पानं त्यांनी पाटावर ठेवली. वडिलांचा मला तितका राग आला नाही. ते उघड उघड विरुद्ध बाजूला होते. हा माणूस माझ्या बाजूचा होता, निदान मी तसं धरून चाललो होतो, आणि तो घाव मला अजून आतून दुखतो.

दिवाळीनंतर सुभेदारांनी शेड सोडली. मी अडवलं नाही. कोपरगावचा मुलगा मद्रासला गेला, तिसरा आला, धडधाकट परतला आणि पुढे त्याने पेट्रोल पंप टाकला. मी गल्ल्यावर बसलो तो बसलोच. आजही गिऱ्हाईक फौंडेशन मागायला आलं, की मी दोन-तीन जातीची रबरं नखाने दाबून पाहतो, वास घेतो, फरशीवर आपटतो. लोक म्हणतात, रबर निवडावं तर या शेठनीच. कुणी शिकवलं असं विचारलं तर मी विषय बदलतो.

वडील गेल्यानंतरची गोष्ट. पुण्याहून येताना सुप्याजवळ आमची गाडी तापली म्हणून रस्त्याकडेच्या एका गॅरेजात थांबलो. एका ट्रकखालून दोन पाय बाहेर आलेले होते, एकावर एक टाकलेले. भेगा वाढल्या होत्या. माझी पावलं त्यांनी ओळखली असावीत. हातोडीचा आवाज थांबला. मग ट्रकखालून तो हात बाहेर आला. पंजा उघडा. माप सांगितलं नाही.

कुठला पाना हवा ते मला कळलं होतं. तो माझ्या पायाशीच पडला होता. मी वाकून उचलला, हातात धरून उभा राहिलो. मग तो पाना मी ट्रकच्या मडगार्डवर, त्यांचा हात पोचणार नाही असा ठेवला आणि माझ्या गाडीकडे चालू लागलो.

रस्त्यावरून मागे वळून पाहिलं. हात अजून तसाच बाहेर होता, उघडा.