तीन दहाचं सेशन

मेलेला माणूस तीन वाजून दहा मिनिटांनी टेबलावर येऊन बसला.

माझ्या डाव्या स्क्रीनवर त्याच्या मृत्यूचा दाखला उघडा होता. संदीप, वय छत्तीस, राहणार घाटकोपर, हार्ट अटॅक. दाखला त्याच्या भावाने, मंगेशने, सकाळीच नाशिकहून मेल केला होता. सोबत दोन ओळी होत्या: भावाचं खातं बंद करा, काही शिल्लक असेल तर घरच्यांना द्या. उजव्या स्क्रीनवर तेच खातं तीनशे रुपयांच्या टेबलावर पत्ते मागत होतं. दाखल्यावरची तारीख सोळा महिन्यांपूर्वीची होती.

मी तेव्हा अंधेरीत एका ऑनलाइन पोकर कंपनीच्या रिस्क टीममध्ये होते. आमचं काम म्हणजे चोर पकडणं. कोणी दुसऱ्याच्या खात्यावर खेळतंय का, कोणी बॉट म्हणजे खेळणारा प्रोग्राम लावलाय का, हे बघायचं. त्याआधी पंधरा वर्षं मी बँकेच्या फ्रॉड खात्यात काढली होती. मेलेल्या माणसांच्या सह्या पुष्कळ बघितल्या होत्या. पण मेलेला माणूस समोर बसून विचार करतोय, हे पहिल्यांदाच बघत होते.

विचार करतोय म्हणजे खरंच करत होता. प्रत्येक डावाला अठरा-वीस सेकंद. तीन पन्नास झाले तसा तो उठला. जाताना टेबलाच्या चॅटमध्ये त्याने एकच शब्द टाकला. ‘चला.’

मी जुना रेकॉर्ड काढला. संदीप जिवंत असतानाही प्रत्येक वेळी उठताना हाच शब्द टाकायचा.

माझा बॉस निनाद माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याला बोलावलं.

“बॉट असणार,” तो म्हणाला.

“बॉटला अठरा सेकंद कशाला लागतील रे?”

“मग बायको खेळत असेल.”

“लग्न झालेलं नाही त्याचं. आणि फोन तोच आहे, घरचं वायफाय पण तेच.”

“यार वीणा, भुताटकी आहे म्हणू नकोस फक्त.”

म्हणणार नव्हतेच. पण पुढे जे सापडलं ते त्याहून विचित्र होतं. ते कळायला धंद्यातली एक गोष्ट आधी सांगायला हवी. पोकर खेळायला माणूस जी रक्कम बाजूला काढतो, तिला बँकरोल म्हणतात. शहाणा खेळाडू त्यातला फार तर विसावा भाग घेऊन एका टेबलावर बसतो. रक्कम घटली की खालच्या टेबलावर उतरतो. हरलेले पैसे त्याच दिवशी परत मिळवायला जात नाही. सगळ्यांना हे तोंडपाठ असतं. पाळणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

जिवंत संदीप त्यांतला नव्हता. खात्यात चाळीस हजार असताना तो वीस हजारांच्या टेबलावर बसायचा. हरला की त्याहून मोठ्या टेबलावर. सहा-सहा तास उठायचा नाही. तीन वर्षांत त्याने सात लाख घालवले होते. गेला त्या दिवशी खात्यात सहा हजार दोनशे होते.

त्यानंतर दोन महिने खातं मुकं होतं. मग एके दिवशी तीन दहाला ते जागं झालं आणि तीनशेच्या टेबलावर जाऊन बसलं. सहा हजार दोनशेचा विसावा भाग तीनशे दहा होतो. एकदा शिल्लक सहा हजारांच्या खाली गेली, तर दुसऱ्या दिवशी हा गुपचूप दोनशेच्या टेबलावर. घेऊन बसलेली रक्कम दोनदा हरला की चाळीस मिनिटं भरली नसतानाही उठायचा. चौदा महिने रोज तेच. दिवाळी नाही, गणपती नाही, एक दिवस खाडा नाही. जिवंतपणी जे त्याला एकदाही जमलं नाही, ते मेल्यावर एकदाही चुकलं नव्हतं.

निनादने रेकॉर्ड वरपासून खालपर्यंत वाचला आणि खुर्ची माझ्या जवळ ओढून बसला. “सेल्फी माग,” तो हळू आवाजात म्हणाला.

ओळख पटवायला आम्ही खेळाडूकडून ताजा फोटो मागवायचो. मशीन तो जुन्या फोटोशी ताडून बघायचं. आमचं मशीन साधं होतं, डोळे मिचकावा वगैरे सांगणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोटो आला. मशीनने हिरवी खूण केली. माणूस तोच.

मी फोटो मोठा केला. संदीपच हसत होता. पण कपाळावर गंधाचा एक वाळलेला टिपका होता, आणि तो कातडीवर नव्हता, काचेवर होता. वर कोपऱ्यात हाराचा तुटका दोरा राहून गेला होता. भिंतीवरच्या तसबिरीचा फोटो काढून पाठवला होता. आणखी मोठा केला, तेव्हा त्याच काचेत, संदीपच्या गालाच्या जागी, दुसरा एक चेहरा दिसला. पांढरे केस, जाड चष्मा, समोर धरलेला मोबाइल.

मी खात्यावरचा नंबर लावला.

“बोला. संदीप बोलतोय.”

आवाज सत्तरीचा होता.

“काका,” मी म्हणाले, “संदीपच्या मृत्यूचा दाखला माझ्या समोर आहे.”

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

“मंगेशने पाठवला?”

“हो. तुम्ही खेळता हे त्यांना माहीत नाही?”

“कोणालाच नाही. मी संदीपचा बाप.”

“पण कशासाठी, काका? पैशांसाठी?”

“पेन्शन आहे मला, मॅडम.” ते म्हणाले. “दिवस झाल्यावर त्याचे कपडे काढत होतो. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलेला. त्याचं अक्षर. विसातला एकच भाग. दोनदा हरलं की उठ. चाळीस मिनिटं, बस. हरलेलं भरून काढायला बसू नको. हे सगळं त्याने स्वतः लिहिलं होतं. मग व्हिडिओ बघून बघून मी खेळ शिकलो. दोन महिने लागले.”

“आणि तीन दहाच का?”

“मी पाणीखात्यात चावीवाला होतो. टेकडीवरच्या टाकीतून खाली वस्तीला पाणी सोडायचो. तीन दहाला चावी फिरवायची, तीन पन्नासला बंद. लोक शिव्या द्यायचे, हात जोडायचे. अजून पाच मिनिटं सोडा म्हणायचे. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी चाळीसच मिनिटं. आज जास्त सोडलं की उद्या वरच्या गल्लीच्या नळाला थेंब येत नाही. संदीप शाळेतून येऊन माझ्या बाजूला बसायचा. काम झालं की मी ती लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून ‘चला’ म्हणायचो, मग आम्ही दोघं उतरायचो.”

ते पुढे बोलत राहिले.

“त्याने हे डोळ्यांनी बघितलेलं, मॅडम. कागदावर लिहिलेलं पण. मग पाळलं का नाही? मला वाटलं, नियमच खोटे असतील. नियमच खोटे असतील तर पोराची काय चूक? तेवढंच बघायचं होतं. आता तुमच्या मशीनवर बघून सांगा. चौदा महिन्यांत शून्य झालं का?”

मी शिल्लक बघितली. नऊ हजार पन्नास. चौदा महिन्यांची कमाई दोन हजार आठशे पन्नास. एवढ्यात कोणी श्रीमंत होत नाही.

“नाही झालं, काका.”

“तेच ना,” ते म्हणाले. “खोटे निघाले असते तर बरं झालं असतं.”

फोन ठेवल्यावर मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. हे रिपोर्टमध्ये लिहिलं नाही.

दुसऱ्याच्या खात्यावर खेळलं की सगळी रक्कम जप्त, असा कंपनीचा नियम होता. मी निनादशी भांडले. मरणाच्या दिवशीचे सहा हजार दोनशे तरी वारसाचेच आहेत, असं लेखी मांडलं. त्याने ते मान्य केलं. वरचे पैसे गेले हे काकांना कळवलं, तर म्हणाले, “ते नकोच होते. ते त्याचे नाहीत आणि माझे पण नाहीत.” मी खातं कायमचं बंद केलं.

पुढच्या सोमवारी निनादने मला बोलावलं. त्या बंद खात्यावर रोज लॉगिनचा प्रयत्न होत होता. रोज एकदाच, तीन दहाला. टेबल मिळत नव्हतं, तरी फोनवर ॲप तीन पन्नासपर्यंत उघडं असायचं.

“ब्लॉक करू का फोन?” त्याने विचारलं.

“राहू दे,” मी म्हणाले.

पुढे कायदा आला आणि पैशांचे ऑनलाइन खेळच बंद झाले. आमचं ऑफिसही गुंडाळलं. आता ओळखीतले लोक विचारतात, एवढी वर्षं त्या धंद्यात होतीस, शिकलीस काय? मी सांगते, शिस्तीने माणूस जिंकतोच असं नाही, नुसता टिकतो. नियम कपाटाच्या आत चिकटवून ठेवले, तर टिकतो फक्त कागद.

सर्व्हर बंद करायच्या दिवशी मी मुद्दाम तीन वाजता स्क्रीनसमोर बसले. तीन दहाला प्रयत्न आला. मी चहा घेऊन तिथेच बसून राहिले. तीन पन्नासला ॲप बंद झालं.