आमच्या शेजारच्या गाण्याला ऐकणारे हवेत

भिंतीला भिंत लागून एखादा कलाकार राहत असला, की किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. आपण अंगणात पापड वाळत घालायचे आणि कान तेवढा उघडा ठेवायचा. दुपारपर्यंत एक तरी पदरात पडतोच! माझ्याकडे हर्षलचे इतके साठलेत, की आमचे हे म्हणतात, "त्याच्या गाण्यापेक्षा तुझे किस्सेच जास्त चालतील."

हर्षल म्हणजे डहाणूजवळच्या चिखल्यातल्या आमच्या शेजारच्या विनायकभाऊंचा मुलगा. बोईसरच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि घरीच गाणी करायला बसला. माळ्यावर कीबोर्ड, भिंतींना जुन्या गाद्या. २०१९च्या सुरुवातीला पहिलं गाणं गाण्यांच्या अ‍ॅपवर टाकलं. हळदीत नाचायचं गाणं.

विनायकभाऊंची चिकूची वाडी. त्यांनी सरळ अट घातली, "लग्नसराई संपेपर्यंत गाणं चाललं, तर तू मोकळा. नाही चाललं, तर कीबोर्ड विकायचा आणि वाडीत यायचं. मला एकट्याला आता होत नाही."

चाललं की नाही हे कोण ठरवणार? तर गाणं किती वेळा ऐकलं गेलं याचा अ‍ॅपवर आकडा दिसतो, तो! तेव्हापासून त्या घरात सगळे त्या आकड्याकडे डोळे लावून बसले. आणि खोटं कशाला बोलू, मीपण!

* * *

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हर्षलच्या आईने, आमच्या सुलभावहिनींनी, वाण म्हणून कार्डं वाटली. कार्डावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन. त्यावर मोबाइल धरला की थेट हर्षलचं गाणं उघडणार. केवढी आयडिया!

बायका कार्ड घेत होत्या, उलटंसुलटं बघत होत्या आणि पर्समध्ये टाकत होत्या. मोबाइल एकीनेही काढला नाही. हर्षल दाराआडून बघतोय, तोंड एवढंसं झालेलं.

शेवटी कोपऱ्यातल्या आजींनी विचारलंच, "सुलभा, गेल्या वर्षी डबा दिला होतास. हे त्याचं झाकण का गं?"

* * *

माझ्या भाचीचा साखरपुडा रानशेतला होता. सोबत म्हणून हर्षलला नेलं. डहाणूला कासा गावच्या जीपमध्ये बसलो आणि ड्रायव्हरने गाणं लावलं. हर्षलचंच! पोरगा सीटवरून उडालाच. मागच्या दोन बायका मान हलवत होत्या, एक म्हातारा गुडघ्यावर ताल धरत होता.

"दादा, हे कुठून मिळालं?"

"पेनड्राइव्हमध्ये. मोबाइलच्या दुकानात भरून देतात. इथल्या सगळ्या जीपांत हेच वाजतं!"

आता पेनड्राइव्हवर ऐकलेलं त्या अ‍ॅपला काय कळणार? सगळं कासा नाचलं तरी आकडा जागचा हलणार नाही. हर्षल रडवेला होऊन म्हणाला, "दादा, गाणं माझंच आहे. तुम्ही अ‍ॅपवर ऐका ना, प्लीज!"

ड्रायव्हरने आरशातून त्याच्याकडे बघितलं. त्याला दया आली असावी. "अ‍ॅपवर मध्येमध्ये जाहिराती येतात, चढणीला नेट जातं. तुम्हीच पेनड्राइव्ह घ्या. थांबा, मी देतो."

स्वतःचं गाणं खिशात घालून पोरगा घरी आला!

* * *

मग वहिनींनी मनावर घेतलं. आपला मोबाइल घेतला, गाणं पुन्हापुन्हा वाजेल असं करून ठेवलं, आवाज बारीक केला आणि मोबाइल तांदळाच्या डब्यावर ठेवून दिला. इकडे स्वयंपाक, तिकडे गाणं. आकडा चढायला लागला. हर्षल खूश! मलाही पेढा मिळाला.

आणि एक दिवस अ‍ॅपवाल्यांचा ईमेल आला. इतकं सलग कोणी माणूस ऐकत नाही, हे मशीनचं काम दिसतंय, म्हणून गाणं काढून टाकलंय!

हर्षल डोकं धरून ओट्यापाशी बसला. "आई, त्यांना वाटतंय, आपण इथे मशीन लावलंय."

वहिनी लाटणं घेऊनच वळल्या. "मशीन कोणाला म्हणतात? दर वेळी चार्जिंगला कोण लावतं? मी!"

* * *

माफीचे ईमेल पाठवून पाठवून गाणं एकदाचं परत आलं. मग हर्षलला दिसलं, की ऐकणारे जवळजवळ सगळे गुजरातमधले! भाऊ म्हणाले, "मग तिकडेच राहायला जा." पण हर्षलने हाय खाल्ली नाही. गुजराती प्रेक्षकांसाठी म्हणून खास एक गरबा केला. शब्द स्वतःच लिहिले.

भानगड अशी होती, की ऐकत होती तलासरीची त्याची मावशी, तिच्या सुना आणि तिची गल्ली. तिथून हद्द जवळ. मोबाइल पलीकडचा टॉवर पकडतात, म्हणून हे सगळे गुजरातमध्ये मोजले गेले!

गरबा ऐकून मावशीचा फोन आला. हर्षलने उत्साहाने विचारलं, "मावशी, गुजराती कळतं ना तुला?"

"कळतं रे बाबा," मावशी म्हणाली, "म्हणूनच सांगते, काढून टाक."

* * *

मे महिना संपत आला. हर्षल विकायच्या कीबोर्डला फडकं मारताना दिसला, की मी नजर फिरवायचे. आणि अचानक आकडा वाढायला लागला! हर्षल लॅपटॉप घेऊन धावत आमच्याकडे. "काकी, बघा! सगळे डहाणूकडचे! आणि सगळे सकाळीच ऐकतात. माझं गाणं लोक दिवसाच्या सुरुवातीला लावतात!"

आता मला राहवतंय का! दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणातून भाऊंच्या वाडीत डोकावले. चिकूच्या फांदीला मोबाइल बांधलेला, खाली स्पीकर, आणि हर्षलचं गाणं दणाणतंय. भाऊ बाजूला चहा पीत बसलेले.

"भाऊ, हे काय?"

"माकडं," भाऊ म्हणाले. "सुरुवातीला हा जो ओरडतो ना, त्याला घाबरतात. फळ वाचलं यंदा. सुलभाने माझ्या मोबाइलमध्ये अ‍ॅप घालून ठेवलं होतं, ते असं कामाला आलं. आजूबाजूच्या वाडीवाल्यांनाही सांगितलं. सगळ्यांनी लावलंय."

संध्याकाळी मी विरजण मागायला म्हणून त्यांच्याकडे गेले. हर्षलने भाऊंसमोर लॅपटॉप ठेवला. भाऊंनी चष्मा लावला, आकडा बघितला, पुन्हा बघितला.

"चाललं म्हणायचं," ते म्हणाले.

वहिनींनी डोळ्याला पदर लावला.

"आता दुसरं कर," भाऊ म्हणाले. "लवकर कर. याची सवय झालीय त्यांना."

"बरोबर आहे, बाबा!" हर्षल म्हणाला. "ऐकणाऱ्यांना सारखं नवीन लागतं."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं, मग चष्मा काढून पुसला.

"सुरुवातीचं ओरडणं तेवढं ठेव."